कानावरची वेणी
"वेणी कानावरून घालते हं, बाळे. कुणाला कळायला नको," आई म्हणायची. आई गेली, केसांत चांदी आली, कान मात्र झाकलेलेच राहिले. शिवणकारखान्यातल्या बायका मागून हाक मारत, ती तिच्यापर्यंत पोचत नसे. "शिष्ट कुठली!" म्हणत त्यांनी चहाला बोलावणंही सोडलं. ती एकटीच काजं करत बसे. आज दुकानदाराने वाटाण्याएवढं श्रवणयंत्र तिच्या तळहातावर ठेवलं. "मावशी, कानात आत बसतं. घरच्यांनासुद्धा पत्ता लागणार नाही!" "घरी भिंती आहेत," त्याचे ओठ वाचून ती हसली. तिची नजर कपाटातल्या लालभडक यंत्राकडे गेली. "ते द्या." "अहो, ते कानामागे लांबूनही दिसतं! सगळे विचारतील." "विचारू देत की." तिने आरशात बघत केस कानामागे सारले. "उद्या सांगेन त्यांना..." तिने लाल यंत्र कानाशी धरून पाहिलं. "शिष्ट नाही गं मी. मला ऐकू येत नाही."