निळा जाळ

कौशल्याच्या एवढ्याशा स्वयंपाकघरातली चूल मोडली. शहाबादी फरशीचा ओटा झाला, भिंतींना परभणीहून आणलेला पोपटी रंग लागला आणि ओट्यावर गोबरगॅसची शेगडी बसली. धूर नाही, काजळी नाही. पण त्या गॅसच्या टाकीला शेणाबरोबर नवा संडासही जोडलाय हे कळलं, आणि सासूबाईंना, नर्मदाबाईंना, शिसारी आली. त्या शेगडीवरचं अन्न त्या शिवेनात. पुढं गरम भाकरीची चटक लागली, तशा आल्यागेल्याला त्याच ओटा दाखवू लागल्या. "बगा, भांड्याचं बूड बी काळं होत न्हाई!"

मग एके दिवशी कौशल्या बाजूला बसली. टमरेल घेऊन संडासाकडे निघाली, तर नर्मदाबाई आडव्या आल्या.

"तिकडं कुठं जायलीस? त्या गॅसवर देवाचा निवद शिजतो. चार दिस भाईर जा, बाभळीत."

"आत्याबाई, मामंजी जातेत तिथं, पाव्हणे जातेत. त्यांचं चालतं का देवाला?"

"त्यांचं चालतं. तुजा इटाळ हाय."

पाचव्या दिवशी न्हाऊन ती ओट्यापाशी उभी राहिली. निळ्या जाळावर भाकरी टम्म फुगली. नर्मदाबाईंनी ती आधी देवापुढं ठेवली, मग तूप लावून मिटक्या मारत खाल्ली. कौशल्यानं उचललेला घास तसाच ताटात ठेवला.

"काय गं? शेगडीची किळस यायली का आता तुला बी?" नर्मदाबाई हसल्या.

"शेगडीची न्हाई, आत्याबाई."