पहिल्या बाकावरची प्रार्थना

रविवारी चर्चमध्ये माझी बायको शलोमी मंडळीसमोर एकटीनं गीत गात होती आणि पहिल्याच बाकावर माझे डोळे मिटलेले होते. प्रार्थना करत होतो, असं मी घरी आल्यावर सांगितलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

घरातली सकाळची प्रार्थना मात्र चुकली नाही. शास्त्रपाठ तिनं वाचायचा, प्रार्थना मी करायची, हा लग्नापासूनचा नेम. पण तीन दिवस माझ्या प्रार्थनेला तिनं "आमेन" म्हटलं नाही, आणि चहा मी ओट्यावरून स्वतः आणून प्यायलो.

आज तिनं जैतुनाच्या बागेतला प्रसंग काढला. प्रभू व्याकूळ होऊन प्रार्थना करतोय आणि शिष्य झोपलेत. "झोपले" हा शब्द आला की ती थांबायची. आजचा पाठ हा नव्हताच, पण टोकायचं तर आधी बोलावं लागलं असतं.

मी हात जोडले. "हे प्रभू, रविवारी मला झोप लागली होती. पण हे शलोमीला कळू देऊ नकोस."

"आमेन," ती म्हणाली आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. डोळे मात्र मिटलेलेच. "आणि प्रभू, हे घोरतही होते."