दुसरी शिवण

कपड्यांच्या मोठ्या दुकानाच्या मालकीणबाईंनी बाह्या नसलेला कोट शिंप्याच्या टेबलावर टाकला, दोन सुट्या बाह्या त्याच्यावर ठेवल्या आणि म्हणाल्या, "जोडा. इथंच, माझ्यासमोर."

"एवढंच?" छोटे मास्तर हसले. "बाई, खुर्ची गरम व्हायच्या आत होईल."

बापाच्या, म्हणजे मोठ्या मास्तरांच्या, तोंडचं पाणी पळालं.

कोट शिवणारे पैशाला पासरी मिळतात. खरी परीक्षा बाहीची. बाही मुंढ्यापेक्षा, म्हणजे कोटाच्या खांद्याशी असलेल्या भोकापेक्षा, थोडी मोठीच कापलेली असते, आणि ते जास्तीचं कापड चुणी न दिसू देता शिवणीत मुरवायचं असतं. छोट्या मास्तरांना ते कधीच जमलं नव्हतं. हे फक्त बापाला ठाऊक होतं. रोज पहाटे पोरगा अंथरुणात लोळत असताना बाप दुकान उघडायचा, पोरानं आदल्या संध्याकाळी घाईत जोडलेल्या आणि न निरखताच टांगलेल्या बाह्या उसवायचा, नव्यानं जोडायचा आणि इस्त्री फिरवून कोट होता तिथं टांगायचा. पोरगं हिरमुसू नये म्हणून हे सुरू झालं होतं. आता त्या पोराच्या मिशा पिकायला लागल्या होत्या. लोक वाखाणत होते, पोरगा फुगत होता आणि बाप शेजारी उभा राहून मान डोलवत होता. त्या वाखाणणीवर भुलूनच बाई पोराला आपल्या कारखान्याचा मुख्य कारागीर करायला आल्या होत्या.

इस्त्रीच्या टेबलाच्या कोपऱ्यावर थोरली लेक पेपर तपासत बसली होती. ती शाळेत इंग्रजी शिकवायची.

"बाबा, हे ऐका," ती म्हणाली. "'स्पॉइल' शब्द वापरून वाक्य करा, असं दिलं होतं. एकीनं लिहिलंय, दूध नासलं. दुसरीनं लिहिलंय, भाऊ लाडानं वाया गेला."

"मग? बरोबरच आहे की."

"दुसरीचा अर्धा मार्क कापला. वाया गेला म्हणे! आपोआप नासायला तो काय दूध आहे? कुणी घालवला, ते लिही म्हटलं."

"ताई, तुझी मास्तरकी शाळेत," छोटे मास्तर बाहीला खडूची खूण करत म्हणाले. "इथं आमची चालते."

बाप फडकं घेऊन मशीन पुसायच्या निमित्तानं खाली वाकला आणि अंगठ्यानं चाकावरचा पट्टा हळूच उतरवला.

"बाई, आज राहू द्या," तो उठत म्हणाला. "पट्टा सारखा सुटतोय. उद्या सकाळी घरपोच पाठवतो."

"पट्टा सुटला म्हणून दुकान बंद करायचं का, बाबा?" पोरानं हसत हसत पट्टा चढवलादेखील. "बाई, यांचं असंच. वय झालं."

लेकीच्या हातातलं लाल पेन थांबलं होतं. ती बापाच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा चाकाच्या वंगणानं काळा झाला होता. त्यानं तो मुठीत लपवला.

मशीन धडधडलं आणि थांबलं. छोट्या मास्तरांनी कोट झटकून उभा धरला.

खांद्यावर कापड गोळा होऊन बसलं होतं. बाही मागं वळली होती, कुणी हात पिरगाळल्यासारखी.

छोटे मास्तर बघतच राहिले. त्यांनी कोट फिरवला, बाही ओढली, तळव्यानं दाबली. "कापडच भिकार आहे," ते म्हणाले. "माझ्या हातून असं कधी झालेलं नाही. बाबा, सांगा ना. झालंय का कधी?"

बाप टेबलावरचे दोरे वेचायला लागला.

बाई उठल्या. भिंतीवर टांगलेला तयार कोट त्यांनी खाली घेतला. त्याची बाही सरळ पडली होती, नळातून पाणी पडावं तशी. त्यांनी कोट उलटा केला, मुंढ्याची शिवण उजेडात धरली आणि तिच्यावरून नख फिरवलं. शिवणीला लागून बारीक भोकांची आणखी एक ओळ होती. वेडीवाकडी, उसवलेली.

"ही शिवण कुणाची?"

"माझी," छोटे मास्तर म्हणाले. मग त्यांनी वाकून पाहिलं. दुसरा कोट काढला, उलटा केला. मग तिसरा. तिथंही तीच ओळ होती.

"त्याला काही बोलू नका," बाप जमिनीकडे बघत म्हणाला. "त्याला ठाऊक नव्हतं. मी... मीच."

"मी कारागीर न्यायला आले होते," बाई आपला कोट घडी न घालताच गोळा करत म्हणाल्या. मग थांबल्या आणि तो परत टेबलावर ठेवला. "हा राहू दे इथंच. मला नको."

त्या गेल्या. लेकीनं पेपर गोळा केले, पण उठली नाही.

बापाचा हात आपला आपणच खिशात गेला. तिथं कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड कायम असायचं. ते काढून त्यानं बिघडलेली बाही पुढ्यात ओढली आणि पहिला टाका शोधला.

"ठेवा ते खाली," पोरगा म्हणाला.

बापानं ब्लेड खाली ठेवलं.

पोरानं ते उचललं. चिमटीत उलटं धरलं, मग सुलटं. शिंप्याचा पोरगा, शिंप्याच्या दुकानात म्हातारा व्हायला आलेला. त्यानं आजवर एक टाका उसवला नव्हता.

"कुठून धरायचं, तेवढं सांगा," तो म्हणाला. "पण हात लावायचा नाही."

बापानं सांगितलं. मग तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

ब्लेड पहिल्याच टाक्याला घसरलं आणि कापडात घुसलं. टर्रकन आवाज झाला. बापाचे खांदे पुढं झाले, पण हात मांड्यांखालीच राहिले.