निंगव्वाची टकळी

ऐका की! जगदेवी म्हणजे शाळेतली नवी बाई. चौऱ्याहत्तर साली माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या जुन्या वस्तू जपायला एक खोली काढली आणि किल्ली दिली तिच्याकडं.

पहिल्याच दिवशी भवानी पेठेतल्या नागम्मा आल्या. त्यांची लेक निंगव्वा सहावीत असताना तापानं गेलेली. सूतकताईच्या तासाची तिची टकळी त्यांनी कपाटात ठेवली, शेजारी कापसाचा एक पेळू.

"पेळू कशाला, अक्का?" जगदेवीनं विचारलं.

"अर्धवट सोडायची सवय न्हाय तिला."

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं तर पेळू अर्धा, आणि टकळीवर ताजं सूत गुंडाळलेलं! जगदेवीनं कुणाला म्हणून सांगितलं नाही. नागम्मा रोज यायच्या, सुतावरून हात फिरवून रडायच्या, नवा पेळू ठेवायच्या.

"कातायची थांबली की माझी पोर गेलीच म्हणा, बाई."

मग गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी लागली. खोली चार दिवस बंद, आणि आत पेळू एकच.

पाचव्या दिवशी जगदेवी धावतच आली. पेळू कधीच संपला होता. सूत मात्र लई वाढलेलं. कापूस संपला तिथून पुढं पिकलेले केस कातले होते, पीळ अगदी तस्साच. तिनं बोट लावलं, तर बोटाला खोबरेल तेल.

मागं नागम्मा उभ्या होत्या. हात रिकामे, पदर कानापर्यंत घट्ट ओढलेला. जगदेवीनं त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

"पोर घरी आली हुती की, बाई. उशाशी बसली हुती," त्या म्हणाल्या, आणि डोक्यावरचा पदर मागं सारला.