नखाएवढा साबण

“मॅडम, माणसं दोन, शाळा चाळीस, दिवस आठ. बासष्ट प्रश्न विचारायचे कधी?” जीपमध्ये चढताना ढोबळे कुरकुरले.

गावितबाईंनी प्रश्नावली मिटून ठेवली. शाळांमधली हात धुण्याची योजना चालू ठेवायची की बंद करायची, हे जिल्हा परिषद त्यांच्या अहवालावरून ठरवणार होती. “एकच गोष्ट बघायची,” त्या म्हणाल्या. “नळाजवळचा साबण.”

पण तपासणी येणार म्हटल्यावर प्रत्येक शाळेने नवाकोरा साबण मांडून ठेवला होता. अकरा शाळा झाल्या, तरी मुलं खरंच हात धुतात की नाही, ते कळेना.

बाराव्या शाळेत साबण झिजून नखाएवढा उरला होता. मुख्याध्यापिका ओशाळल्या. “माफ करा, मॅडम. सोमवारीच नवा काढला होता. ही कार्टी टिकू देतील तर ना.”

“माफी कसली मागता?” गावितबाई हसल्या आणि ढोबळ्यांकडे वळल्या. “उरलेल्या अठ्ठावीस शाळांना फोन करू नका. आता न सांगताच जायचं.”

ढोबळ्यांनी फोन खिशात ठेवला. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली आणि त्यांना बाजूला सारत मुलं नळाकडे धावली.