साडेसहा अँपियर

सात वाजून गेले तरी करंट शून्यच दाखवत होता.

तिने मोबाइल पुन्हा पाहिला. व्होल्टेज दोनशे एकतीस, म्हणजे बाबांच्या घरी वीज होती. करंट शून्य, म्हणजे किटली लावलेली नव्हती. आठ महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. सहाच्या ठोक्याला आकडा साडेसहा अँपियरवर उडी मारायचा आणि चार मिनिटांनी खाली यायचा. बाबा उठले, चहा झाला. मग ती निर्धास्तपणे कारखान्याची बस पकडायची.

ते यंत्र तिनेच जोडलं होतं. किटलीच्या प्लगच्या वायरीभोवती सेन्सरची कडी, शेजारी आकडे तिच्या मोबाइलवर पाठवणारा काडेपेटीएवढा बोर्ड. जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या बाबांनी आपला जुना मीटर लावून ते तपासलं होतं.

"एक दशांश कमी दाखवतंय."

"चालतंय हो, बाबा."

"मोजायचं तर नीट मोजावं. आणि माझ्यावर हा पहारा कशाला? फोन करत जा की."

फोन ती करायची, रविवारी. एरवी पाळी संपवून आली की अंगात त्राण उरायचं नाही. मागच्या रविवारी पलीकडे बराच गलका होता.

"कुठे आहात?"

"कुठे असणार? टीव्हीचा आवाज मोठा झालाय. तू जेवलीस का?"

ती जेवली नव्हती. हो म्हणाली.

आज त्यांचा फोन नुसता वाजत राहिला. तिने रजा कळवली आणि मिळेल ती गाडी पकडली. तीन तास खिडकीला डोकं टेकून ती त्या शून्याकडे बघत होती. डोळे मिटायचीही भीती वाटत होती.

बाबांच्या दाराला कुलूप होतं. ती तिथेच पायरीवर बसली.

थोड्या वेळाने शेजारचे शिंपीकाका धापा टाकत जिना चढून आले. डोळे जागरणाने तारवटलेले. तिला पाहून ते थबकले. हातात किल्ली होती, त्याच कुलपाची.

"काका, बाबा कुठायत?"

"आधी पाणी पी."

"काका!"

"दवाखान्यात. तीन आठवडे झाले. पोटाचं दुखणं. आज पहाटे अचानक ऑपरेशनला घेतलं, मी तिकडेच अडकलो."

"तीन आठवडे? अहो, पण रोज सकाळी किटली..."

काकांनी मान खाली घातली. "ती मी लावायचो. पोरगी आधीच दमलेली असते, तिला कळू द्यायचं नाही, म्हणाला."

तिला पुढचं विचारवेना. तरी विचारलं, "आणि आता?"

"आता शुद्धीवर आलाय. डोळे उघडले आणि माझ्यावरच खेकसला, 'लेका, इथे काय बसलायस? घरी जा, किटली लाव!'"