उसना वारा

"हळू हलवा! वारा दाखवायचाय, वादळ नाही," क्रेनवाला खालून ओरडला.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, चादरीमागून, सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, एवढं कळतंय तर वर या आणि स्वतः फुंका."

कामगार वसाहतीच्या सगळ्या गॅलऱ्यांत चादरी वाळत घातल्या होत्या. प्रत्येक चादरीमागे कुणीतरी लपून बसलं होतं आणि तिचं खालचं टोक झटकत होतं. समोर बंद पडलेलं कोळशाचं वीजकेंद्र होतं. तिथली जागा पाहायला आज पवनचक्कीच्या कंपनीच्या मॅडम येणार होत्या.

कल्पना नगराध्यक्षांची. धूर न सोडणारा धंदा गावात आणायचा म्हणून त्यांनी किती दारं झिजवली होती. सौरवाले आले, चहा पिऊन गेले. बॅटरीवाले आले, फोटो काढून गेले. आता पवनचक्कीवाले येणार, तर गावात पान हलत नव्हतं. "टकल्याने न्हावी बोलावल्यासारखं होईल," नगराध्यक्ष म्हणाले आणि घरोघरच्या चादरी बाहेर काढायला लावल्या.

पान हलत नव्हतं हे खरंच. गाव टेकड्यांच्या कढईत बसलेलं. वीजकेंद्र चालू होतं तेव्हा सकाळी सोडलेला धूर संध्याकाळी जेवायला घरी यायचा. पुढे केंद्र बंद झालं. धूर गेला, त्याच्यामागोमाग पगार गेला. सासूबाईंचा खोकला तेवढा राहिला.

क्रेनवाल्याला दूरच्या बंदरावर काम मिळालं होतं. सोमवारी हजर व्हायचं होतं. सासूबाईंनी साफ सांगितलं होतं, "तुम्ही जा. मी खोकणार ती ओळखीच्या लोकांत खोकणार." बायको आईला सोडायला तयार नव्हती आणि नवऱ्यालाही. घरातली भांडी अर्धी बांधलेली होती, अर्धी फळीवर होती. आज मॅडम हो म्हणाल्या, तर बांधलेली सुटणार होती. नाहीतर घर दोन ठिकाणी होणार होतं.

मॅडम आल्या. डोक्यावर हेल्मेट, पायात जाड बूट. केंद्राच्या मोकळ्या आवारात उभ्या राहून त्यांनी वारा मोजायचं हातातलं यंत्र वर धरलं. त्याच्या वाट्या हलल्या नाहीत. त्यांनी यंत्राला टिचकी मारली. तरी हलल्या नाहीत. मग त्यांचं लक्ष वसाहतीकडे गेलं. चादरी नुसत्या फडफडत होत्या. दुसऱ्या मजल्यावरची तर आडवी झाली होती.

"वाऱ्याची इथे ददात नाही, मॅडम," नगराध्यक्ष छाती काढून म्हणाले. "रात्री तर डोक्यावरच्या टोप्या उडतात."

मॅडमचा चेहरा उतरला. "इथे काहीच नाही आणि तिथे एवढा झोत. म्हणजे वारा टेकड्यांत गरगर फिरतो. आम्हाला तर कळलं होतं की इथे वारा अगदी पडलेला असतो. म्हणून तर एवढ्या लांब आलो."

"पडलेला?"

"पवनचक्क्या इथे थोड्याच उभ्या करायच्यात? त्या समुद्राकाठी. इथे फक्त पाती बनवायची होती. एकेक पातं त्या इमारतीएवढं लांब. क्रेनने उचलताना असा झोत आला, तर पातंही जाईल आणि खालचा माणूसही. माफ करा, साहेब, जागा आमच्या कामाची नाही."

नगराध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं. टोप्या त्यांनीच उडवल्या होत्या.

क्रेनवाला मागे उभा राहून ऐकत होता. ज्या मेल्या हवेला गावाने जन्मभर शिव्या घातल्या, तीच मागायला कुणीतरी आलं होतं, आणि त्यांनी तिला चादरींनी हाकलून लावलं होतं. मॅडम गाडीकडे निघाल्या. खरं सांगावं, तर अख्खं गाव लबाड ठरत होतं. लबाडांच्या गावात कारखाना कोण काढतो? न सांगावं, तर सोमवार होताच.

"मॅडम, थांबा," तो म्हणाला. "तो वारा नाही. त्या माझ्या सासूबाई आहेत."

मॅडम मागे वळल्या. नगराध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. क्रेनवाल्याने तोंडाशी दोन्ही हात धरले आणि टांगलेला माल उतरवताना देतात तशी हाळी दिली, "सोडाऽऽ! सगळे सोडाऽऽ!"

चादरी जागच्या जागी गळल्या. कठड्यांमागून एकेक डोकं वर आलं: वायरमन, नर्स, शिंपी, नगराध्यक्षांची सख्खी बहीण. सगळे खाली बघत ओशाळं हसत होते. वसाहतीतही आता पान हलेना.

मॅडमनी यंत्र परत बाहेर काढलं. वाट्या ढिम्म. त्यांनी क्रेनवाल्याला विचारलं, "क्रेन चालवता का तुम्ही?"

"चालवायचो."

तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरची चादर अजून फडफडत होती, आधीपेक्षा जोरात. हसू दाबत मॅडम जिना चढून गेल्या, मागोमाग क्रेनवाला. त्यांनी चादर बाजूला केली. सासूबाई उलट्या बादलीवर बसल्या होत्या. घामाने निथळत होत्या, खोकत होत्या, पण हात काही थांबत नव्हते.

"आजी, यांची हाक ऐकू नाही आली का?"

"आली की," सासूबाई म्हणाल्या. "पण हे इथे राहतायत की बंदरावर जातायत, ते सांगितल्याशिवाय मी नाही थांबायची."